सिद्धता वाचायची असते, पुजायची नसते

‘मोठ्या विद्वानाने सिद्ध केले आहे, आता प्रश्न कशाला?’ हे फक्त पोथी मानणारेच म्हणतात, असा आपला समज असतो. पण विसाव्या शतकात भौतिकशास्त्रातही हेच घडले.

इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे क्वांटम सिद्धान्त सांगत नाही, फक्त शक्यता सांगतो. ही अनिश्चितता निसर्गातलीच, की तिच्यामागे छुपी कारणे आहेत? बोर आणि हायझेनबर्ग पहिल्या बाजूचे. १९२७ च्या सॉल्व्हे परिषदेत द ब्रॉय यांनी दुसरी बाजू मांडली; आक्षेप आले आणि पुढे त्यांनीच ती सोडली. १९३२ मध्ये थोर गणिती फॉन नॉयमन यांनी अशी छुपी कारणे असूच शकत नाहीत, अशी सिद्धता दिली. बहुतेकांसाठी वाद तिथेच मिटला.

१९३५ मध्ये ग्रेट हरमान यांनी त्या सिद्धतेवर बोट ठेवले. एमी नोदर यांची ही विद्यार्थिनी, नाझींची विरोधक. त्यांचे म्हणणे सोपे होते: सरासरींच्या बेरजेचा जो नियम इथे गृहीत धरला आहे, तो छुप्या कारणांना लागू पडेलच असे नाही. म्हणजे जे सिद्ध करायचे, तेच आधी मानून घेतले आहे. त्या स्वतः छुप्या कारणांच्या पक्षाच्या नव्हत्या. त्यांनी फक्त युक्तिवाद तपासला. पण त्यांच्याकडे जवळपास कोणी लक्ष दिले नाही.

१९५२ मध्ये डेव्हिड बोम यांनी ‘अशक्य’ ठरवलेला सिद्धान्त उभाच करून दाखवला. तोवर अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष नाकारल्याने त्यांच्यावर खटला झाला होता. निर्दोष सुटूनही प्रिन्स्टनची नोकरी गेली आणि ते ब्राझीलला गेले होते. बोम वाचून बेलफास्टच्या गरीब घरातले जॉन बेल पेटले. फॉन नॉयमन यांच्या सिद्धतेतला दोष दाखवणारा त्यांचा लेख १९६६ मध्ये आला. मधे ३१ वर्षे गेली!

बेल यांनी १९६४ मध्ये हा वाद प्रयोगाने तपासण्याची कसोटीही दिली. तिच्यावरील प्रयोगांना २०२२ चे नोबेल मिळाले. निकाल काय? प्रकाशापेक्षा वेगाने परिणाम पोहोचत नाही असे मानणारी छुपी कारणे टिकली नाहीत. आइन्स्टाइन यांची आशा फोल ठरली. बोम यांचा सिद्धान्त ते बंधन पाळत नाही, म्हणून तो आजही उभा आहे; बोर यांचा अर्थही आहे, आणि १९५७ चा एव्हरेट यांचा अनेक विश्वांचा अर्थही.

म्हणून बंडखोर नेहमी बरोबर असतो, असा अर्थ आपण काढू नये. हरमान बरोबर ठरल्या त्या युक्तिवादामुळे. आणि या अनिर्णित वादाचा आधार घेऊन ‘क्वांटमने सिद्ध केले, मनानेच जग घडते’ असे सांगणारा बाबा भेटला, तर त्यालाही तोच प्रश्न विचारू: सिद्धता दाखव, आधी गृहीत काय धरलेस ते सांग.