अर्धशिशी आणि आपले ताट

स्मरणिकेसाठी काहीतरी उपयोगाचे आणि थोडे इतिहासाचेही लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहिली ती माझी आई. कपाळाला फडके करकचून बांधलेली, माजघरात दार लोटून अंधारात पडलेली. १९६७ साली मी आठवीत होते. महिन्यातून दोन-तीनदा तरी आमच्या घरी हा प्रसंग येई. उलटी झाली की तिला जरा हलके वाटे, आणि संध्याकाळी ती पुन्हा चुलीपुढे बसलेली असे. घरातील काही मंडळी म्हणत, “काम निघाले की हिचे डोके दुखते.” ते वाक्य मी आजही विसरलेले नाही. म्हणून या दुखण्याचा इतिहास मी थोडा वाचून पाहिला. त्यातून मला जे उमगले, ते भगिनींपुढे ठेवते.

अर्धशिशी म्हणजे अर्ध्या शिराचे दुखणे. हे सोंग नव्हे, याची साक्ष फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत सूर्याबरोबर चढणारा व सूर्याबरोबर उतरणारा ‘सूर्यावर्त’ आहे आणि अर्धे डोके फोडणारा ‘अर्धावभेदक’ही आहे. हा अर्धावभेदक पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी किंवा अकस्मात उठतो, असे तेथे नोंदलेले आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात त्याची कारणे दिली आहेत. रूक्ष अन्न, आधीचे पचण्यापूर्वीच पुन्हा जेवणे, पूर्वेचा वारा, दव, वेग अडवून धरणे आणि अतिश्रम ही त्यांतली मुख्य. म्हणजे ताटाचा आणि डोक्याचा संबंध आपल्या वैद्यांनी फार पूर्वीच जोडला होता. तिकडे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलन यानेही या दुखण्याला ‘अर्ध्या कवटीचे’ अशाच अर्थाचे नाव दिले, आणि पोटातील वाफा डोक्यात चढून ते होते असे मानले. आजचा ‘मायग्रेन’ हा शब्द त्याच ग्रीक नावाचा अपभ्रंश आहे.

आमच्या घरचे वैद्यक मात्र आजीच्या हाती होते. सुंठ उगाळून कपाळावर लेप, नाकात कोमट तुपाचे दोन थेंब, आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी. आदल्या संध्याकाळी हलवायाकडून जिलेबी आणून ठेवायची आणि पहाटे अंधार असतानाच आईला उठवायचे. “अगं ऊठ, तोंड धू आणि उजाडायच्या आत एवढे खाऊन घे,” असे आजी म्हणे. आश्चर्य असे की, त्या दिवसांत आईला खरोखरच बरे वाटे. आम्ही मुले ते जिलेबीचे श्रेय समजत होतो.

आज मला त्याचा उलगडा निराळा वाटतो. एरवी आई पहाटे उठे ती चहाच्या कपावर दुपारी एक-दीडपर्यंत राबे. पुरुषांची पंगत, मग मुले, मग सासूबाई, आणि शेवटी उरलेसुरले घेऊन ती. एकादशी, सोमवार, संकष्टी हे उपवास निराळेच. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊपर्यंत, तिच्या पोटात चहाखेरीज फारसे काही नसे, आणि संकष्टीला तिचे डोके हमखास चढे. जिलेबीच्या त्या पहाटा म्हणजे तिच्या आयुष्यातील वेळेवर खाल्ल्याच्या पहाटा होत्या. उपाशीपोटी डोके दुखणे हे आता वैद्यकाला चांगले परिचित आहे. ज्यू लोकांच्या योम किप्पूरच्या कडक उपवासातील डोकेदुखीवर १९९५ साली शास्त्रीय निबंधही प्रसिद्ध झाला आहे. रमजानच्या पहिल्या दिवसांतही पुष्कळांना हाच अनुभव येतो. त्यात नेहमीचा चहा-कॉफी एकाएकी सुटला की दुखण्यात भरच पडते.

योगायोग असा की, आई अंधारात पडून असे त्याच १९६७ साली इंग्लंडमध्ये एडा हॅनिंग्टन या डॉक्टरबाईंनी चीजसारख्या पदार्थांतील टायरामीन या द्रव्याचा अर्धशिशीशी संबंध दाखविणारा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. १९७२ साली टिकविलेल्या मांसातील नायट्राइटने डोके दुखलेल्या एका माणसाची हकिकत छापून आली. पुढे वर्ज्य पदार्थांच्या याद्या निघू लागल्या. चीज, चॉकलेट, लाल वाइन अशी सुरुवात होऊन त्या वर्तमानपत्रांतून आपल्या स्वयंपाकघरांपर्यंत येऊन पोहोचल्या.

अशाच एका यादीने माझी फजिती केली. आईचे दुखणे वारशाने माझ्याकडे आले होते. १९९४ च्या सुमारास मी केळे, दही, टोमॅटो, लिंबू, शेंगदाणे असे एकेक करीत बरेच पदार्थ सोडले. खायला काय उरले, असा प्रश्न पडल्यावर मी जेवणच टाळू लागले. अशक्तपणा आला आणि डोके पूर्वीपेक्षा अधिक दुखू लागले. तेव्हा एका समंजस डॉक्टरांनी यादी बाजूला ठेवायला लावली आणि वही हाती दिली. काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, झोप किती झाली, पाळी केव्हा आली आणि डोके केव्हा दुखले, एवढेच रोज लिहायचे. तीन महिन्यांनी वही वाचली, तेव्हा केळे आणि दही निर्दोष ठरले. गुन्हेगार निघाले ते लांबलेले जेवण, जागरण आणि पाळीच्या आधीचे दोन दिवस. गोड खाण्याची अनावर इच्छा झाली की दुसऱ्या दिवशी डोके दुखे, म्हणून मी गोडाला दोष देत होते. पण ती इच्छा पुष्कळदा येणाऱ्या झटक्याचीच पहिली चाहूल असते.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. सकाळी उठल्यावर तासाभरात काहीतरी खावे. दोन खाण्यांत फार अंतर पडू देऊ नये. पाणी भरपूर प्यावे. चहा कमी करायचा तर एकदम न सोडता हळूहळू कमी करावा. जो पदार्थ वहीत वारंवार सापडेल तोच सोडावा, शेजारणीचा नव्हे. २०२१ साली अमेरिकेत १८२ रुग्णांवर सोळा आठवडे केलेल्या प्रयोगात माशांतील स्निग्ध द्रव्य वाढविल्याने दुखण्याचे तास घटले. जवसाची चटणी चांगलीच, पण तो पुरावा माशांचा आहे, हे लक्षात ठेवावे. दुखण्याच्या गोळ्या महिन्यातून दहा-पंधरा दिवस घेत राहिल्यास त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते, तेव्हा डॉक्टरांना विचारावे. आणि एकाएकी कधी नव्हे एवढे तीव्र दुखले, ताप येऊन मान आखडली, बोलणे अडखळले, हातपाय लुळे पडले, किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच दुखू लागले, तर ताटाचा विचार न करता तडक दवाखाना गाठावा.

अर्धशिशी स्त्रियांना पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. त्याला शरीरातील स्त्रीरसांचा चढउतार कारण आहेच. परंतु शेवटी जेवण्याची रीत काही शरीराने घालून दिलेली नाही. ज्यांना उपवासाची श्रद्धा आहे त्यांनी तो जरूर करावा. आजारी माणसाला दूध-फळाची सवलत आपल्याकडे पूर्वीपासून आहे. ती आपण सासऱ्यांना आग्रहाने देतो, स्वतःला मात्र घेत नाही.

पन्नाशी उलटल्यावर आईचे दुखणे आपोआप ओसरले. एकदा सहज म्हणाली, “आता तुम्ही सगळी मोठी झालात, मला वेळेवर जेवता येते.” तिने ते तक्रार म्हणून सांगितले नव्हते, म्हणूनच मला ते अधिक लागले.

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या भोजनात वाढणाऱ्या भगिनींची पंगत नेहमी तीन वाजता बसते. मीही कितीतरी वर्षे त्या पंगतीत बसले आहे आणि डोके धरून घरी गेले आहे. यंदा वाढणाऱ्यांनी अकरा वाजता आधी जेवून घ्यावे, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवीत आहे. भगिनींनी तिला पाठिंबा द्यावा, ही विनंती.