पाकिटातल्या चित्रांची कहाणी

बंगळूरच्या जुन्या छावणी भागात राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांकडे कापडी बांधणीची एक जाड वही आहे. ती त्यांच्या आजोबांनी जमवली. वहीच्या प्रत्येक पानाला खिसे आहेत आणि प्रत्येक खिशात साधारण पावणेतीन इंच लांब व जेमतेम दीड इंच रुंद असे एक चित्र आहे. कोणी फलंदाज बॅट टेकून उभा आहे, कोणी गोलंदाज हात उंचावून थांबला आहे, कोणाच्या मिशा इतक्या भरदार की चेहऱ्याचा उरलेला भाग त्यांच्या आश्रयाने राहिल्यासारखा वाटतो. ही चित्रे सिगारेटच्या पाकिटांतून निघालेली आहेत. आम्ही दोन-तीन समव्यसनी महिन्यातून एखाद्या रविवारी या वहीभोवती जमतो, आपापली दुबार चित्रे पुढे मांडतो आणि देवघेव करतो. समव्यसनी हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. आमच्यापैकी धूम्रपान कोणीच करीत नाही, पण व्यसन जडायला धूर लागतोच असे नाही.

या चित्रांचा जन्म कलेच्या प्रेमातून झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटी कागदाच्या मऊ पुडीत विकल्या जात, आणि त्या खिशात चेपून मोडू नयेत म्हणून पुडीत एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. हा तुकडा कोरा का ठेवावा, असा विचार अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांना प्रथम सुचला. १८८७ च्या सुमारास अ‍ॅलन अँड गिंटर या कंपनीने मुष्टियोद्धे, मल्ल आणि बेसबॉलपटू यांची रंगीत चित्रे काढली. इंग्लंडातल्या विल्स कंपनीने १८९६ साली पन्नास क्रिकेटपटूंचा संच काढला. दाढीवाले डब्ल्यू. जी. ग्रेस त्यात होते, आणि ससेक्सकडून खेळणारे आपले रणजितसिंहजीही होते. त्याच वर्षी मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत रणजींनी ६२ आणि नाबाद १५४ धावा काढल्या होत्या. हिंदुस्थानात जन्मलेल्या माणसाचे चित्र विलायतेतल्या गिरणी कामगाराच्या खिशात जाऊन बसले, ते असे.

पन्नासांचा संच म्हटला की त्यात एक मेख असते. पाकीट उघडेपर्यंत आत कोणते चित्र आहे हे कळत नाही. सर्व चित्रे सारख्याच संख्येने छापली आहेत असे धरले, तरी एकट्याने पाकिटे घेऊन पन्नासही चित्रे मिळवायला सरासरी सव्वादोनशे पाकिटे फोडावी लागतात. शेवटच्या एका चित्रासाठीच सरासरी पन्नास. हा हिशेब कोणीही कागदावर करून पाहावा. पाकिटात दहा सिगारेटी धरल्या तर संच पुरा होईतो गृहस्थाची फुप्फुसे पुरी होतील. म्हणून देवघेव अपरिहार्य ठरली. कंपन्यांनी ओढणाऱ्याला गिऱ्हाईक मानले होते. प्रत्यक्षात त्यांनी शाळकरी मुलांचा एक बाजार उभा केला. दुकानाच्या दारात उभे राहून, बाहेर पडणाऱ्या माणसाकडे पाकिटातले चित्र मागणारी मुले हे त्या काळच्या इंग्लंडातले नित्याचे दृश्य होते. पुढे १९२७ साली लंडनमध्ये केवळ ही चित्रे विकणारी पेढी निघाली. १९४० साली युद्धामुळे कागदाची टंचाई झाली, तेव्हा इंग्लंडातल्या कंपन्यांनी पाकिटात चित्रे घालणे बंद केले.

अमेरिकेत ही परंपरा तंबाखूकडून च्युइंगगमकडे गेली, आणि तिथे तिने सट्ट्याचे रूप घेतले. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे १९०९ ते १९११ च्या दरम्यानचे चित्र त्याच्याच हरकतीमुळे छापायचे थांबले. मुलांनी तंबाखू घेऊ नये म्हणून त्याने हरकत घेतली असे काही म्हणतात. पैसे मिळाले नाहीत म्हणून, असे काही. कारण कोणतेही असो, उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २०२२ साली साडेबाहात्तर लाख डॉलरांना विकली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिकी मँटल याच्या १९५२ च्या टॉप्स कंपनीच्या चित्राला एक कोटी सव्वीस लाख डॉलर मिळाले. हे आकडे वाचून आम्हांला हर्ष झाला नाही. एवढ्या किमतीची वस्तू कोणी कोणाला रविवारी चहाबरोबर दाखवीत नाही. ती तिजोरीत जाते.

आपल्याकडे पत्ते नव्हते असे नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही लाखेचे रोगण दिलेले गोल गंजिफे हाताने रंगवले जातात. दशावतारी गंजिफ्याच्या संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे एकशेवीस पत्ते असतात. इकडे म्हैसूरलाही राजाश्रयाने गंजिफ्याची कला वाढली. पण मत्स्य-कूर्मांची अदलाबदल कोणी करीत नाही. संच पुरा विकत मिळतो आणि पुराच राहतो. अपुरेपणा हेच ज्याचे भांडवल आहे असा पत्ता आपल्याकडे आला तो सिगारेटच्या पाकिटातूनच. इंपीरियल टोबॅको कंपनी १९१० साली कलकत्त्यास स्थापन झाली आणि तिचा पहिला सिगारेटचा कारखाना १९१३ साली याच बंगळूरात निघाला. छावणीत गोरी पलटण होती, तिचे क्रिकेट होते, विलायतेहून येणारी पाकिटे होती. आमच्या स्नेह्यांच्या आजोबांची वही या वातावरणातली आहे.

आमच्या पिढीचा इतिहास पुष्कळ अलीकडचा आणि पुष्कळ गोड आहे. आमच्या वडील भावंडांनी 'बिग फन' च्युइंगगमच्या वेष्टनांतून क्रिकेटपटू जमवले. आमच्या वाट्याला १९९९ चा विश्वचषक आला. त्या वर्षी ब्रिटानिया कंपनीच्या बिस्किटपुड्यांवरचे गुण जमवून इंग्लंडला सामने पाहायला जाण्याची स्वप्ने देशभरच्या मुलांनी पाहिली, आणि घरोघरी आयांनी न मागता बिस्किटे संपवली. त्याच्या जोडीला ट्रंप पत्ते होते. प्रत्येक पत्त्यावर खेळाडूचे छायाचित्र आणि खाली सामने, धावा, सर्वोच्च धावसंख्या, बळी, झेल असे रकाने. एकाने रकाना पुकारायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने दुसऱ्याचा पत्ता जिंकायचा. गणिताच्या तासाला ज्यांना पाढे येत नसत त्यांना अझरुद्दीनचे झेल तोंडपाठ असत. या पत्त्यांत एकच खोट होती. आकडा छापला की तो जुना होई. २६ मे १९९९ रोजी टाँटनला द्रविड १४५ धावा काढून आला आणि त्या स्पर्धेत ४६१ धावा काढून सर्वांच्या पुढे राहिला, तरी आमच्या हातातल्या पत्त्यावरचा द्रविड बिचारा गरीबच होता. कोणीही धावा पुकारून त्याला पळवून नेई. इंदूरला जन्मलेल्या आणि बंगळूरात वाढलेल्या या मराठी घरच्या मुलाविषयी आमच्या मनात पक्षपात आहे, हे आम्ही नाकारीत नाही. बदलीच्या गावी वाढलेल्या मुलाला कोणत्या गावचा म्हणावे हा प्रश्न आपल्यासारख्यांच्या घरी रोजचाच असतो.

आता मूळ वहीकडे वळतो. मागल्या पावसाळ्यात आम्ही ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली, नावे लिहून काढली. कारकुनाचा स्वभाव, यादी केल्याशिवाय वस्तू पाहिल्यासारखी वाटत नाही. यादी करताना आम्ही एक नाव शोधत होतो आणि ते सापडले नाही. आजवर आम्ही हाताळलेल्या एकाही संचात ते सापडलेले नाही. ते नाव पालवणकर बाळू यांचे.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडास झाला. घराणे मूळ कोकणातल्या पालवणचे, जात चांभार, वडील लष्करात. पुण्यात पारशी मंडळींच्या क्रिकेटच्या मैदानाची झाडलोट करायला बाळू लागले, तेव्हा पगार महिना तीन रुपये होता. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात ते खेळपट्टीची निगा राखू लागले आणि सरावाच्या जाळ्यात साहेबांना चेंडू टाकू लागले. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज तासन्‌तास त्यांच्या डावखुऱ्या संथ गोलंदाजीवर सराव करी. बाद केले की प्रत्येक वेळी तो बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. चेंडू टाकायला बाळू हवे असत, पण बॅट त्यांच्या हाती क्वचितच दिली जाई. मग पुण्याच्या हिंदू मंडळींनी त्यांना आपल्या संघात घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हाताने झेलीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर मातीच्या, फेकून देण्याच्या भांड्यात चहा मिळे. हा विरोधाभास त्या काळी फारसा कोणाला खुपला नाही, आणि ज्यांना खुपला त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो बोलून दाखवला नाही.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने गोऱ्यांच्या संघाला १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल हिंदी संघ विलायतेला गेला. महाराज राज्यारोहणाच्या समारंभांत गुंतलेले राहिले, आणि संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. पस्तिशीचा माणूस, परकी हवा, हरणारा संघ, आणि हे आकडे. सिगारेटच्या कंपन्या तेव्हा जहाजे, पक्षी, ध्वज, सैनिकांचे गणवेश, जे दिसेल ते छापीत होत्या. रणजी छापले गेले. ते राजपुत्र होते आणि इंग्लंडकडून खेळत होते. बाळू दोन्ही नव्हते.

याचा सगळा दोष आम्ही तंबाखूवाल्यांच्या माथी मारणार नाही. १३ मार्च १९९६ रोजी आपल्या टपाल खात्याने चार क्रिकेटपटूंची तिकिटे काढली: देवधर, नायडू, मर्चंट आणि मांकड. चौघेही त्या मानाचे धनी. गिलिगनच्या संघाविरुद्ध १९२६ साली १४८ धावा काढणारे, संस्कृतचे प्राध्यापक देवधर आमच्या संग्रहात पहिल्या पानावर आहेत. पण चारांची निवड करतानाही स्वतंत्र देशाला बाळू आठवले नाहीत. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना निदान लेखणीने हात दिला. विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले, आणि त्यांचे 'माझे क्रीडा-जीवन' १९४८ साली मराठीत प्रसिद्ध झाले. बाळू १९५५ साली वारले. एकोणीसशे सदतीसच्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या वतीने डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, ही हकीकत त्यांच्या क्रिकेटपेक्षा अधिक लोकांना ठाऊक आहे. आमच्या मते हा अन्याय आहे, आणि तो त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी झाला आहे.

यादी पुरी झाल्यावर आम्ही एक उद्योग केला. जुन्या कार्डाच्या मापाचा पुठ्ठा कापला. एका बाजूला, उपलब्ध छायाचित्रावरून, डोक्यावर टोपी घातलेल्या बाळूंचे शाईचे रेखाचित्र काढले. ते फारसे साधले नाही, नाक जरा मोठे आले. मागच्या बाजूस जन्मगाव, साल, पगार तीन रुपये, ११४ बळी, १८.८४ असे लिहिले. पुढच्या रविवारी ते स्नेह्यांच्या वहीत रणजींच्या शेजारच्या रिकाम्या खिशात ठेवले.

आमच्यातले तिसरे गृहस्थ मूळचे धारवाडचे, कन्नड बोलणारे. त्यांनी पत्ता काढून मागची बाजू वाचली आणि धारवाडवर बोट ठेवून, हा तर आमचा माणूस, असे ठामपणे सांगितले. आम्ही पालवण, कोकण, पुणे असा युक्तिवाद केला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आणि मग विचारले, याची दुबार प्रत आहे काय? नव्हती. बदल्यात त्यांनी १९९६ ची चारही तिकिटे, पहिल्या दिवसाच्या शिक्क्याच्या पाकिटासह, देऊ केली. त्या आठवड्यात रात्री जागून आम्ही दुसरा पत्ता काढला. यातले नाक बरे आले आहे.