‘अपघाती निधन’ : दोन शब्दांची कहाणी

यंदाच्या स्मरणिकेची मुद्रिते तपासण्याचे काम चिटणीसबाईंनी माझ्याकडे सोपविले. ‘दिवंगत सभासद’ या पानावर थोरल्या काकूंच्या नावापुढे ‘अपघाती निधन’ असे दोन शब्द छापून आले होते. शुद्धलेखनाची चूक काहीच नव्हती. तरीही माझी पेन्सिल तेथे अडली.

नव्या भगिनींसाठी सांगते. थोरल्या काकू मंडळाच्या अगदी पहिल्या सभासदांपैकी. चार वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका शुक्रवारी त्या हळदीकुंकवाला यायला निघाल्या होत्या. मंडळापासून शंभर पावलांवर, पांढरे पट्टे केव्हाच पुसून गेलेल्या जागी, एका भरधाव मोटारीने त्यांना उडविले. डब्यातले फुटाणे रस्ताभर सांडले. दुसऱ्या दिवशी सकाळीदेखील त्यातले काही तेथेच होते. “वय झालं होतं, बघून ओलांडायला नको का?” असे म्हणणारेही भेटले. मोटार बघून चालवायला नको का, असे मात्र कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही.

शाळेत मी इतिहास शिकवीत असे. तेव्हा या दोन शब्दांचा माग मागे मागे काढीत गेले, ती थेट लंडनपर्यंत पोचले.

१७ ऑगस्ट १८९६. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनस्थळी दारूबंदीच्या प्रचारासाठी मेळावा भरला होता. ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची चव्वेचाळीस वर्षांची एक गृहिणी आपल्या मुलीला घेऊन तेथे गेली होती. त्याच आवारात एक कंपनी लोकांना नव्या मोटारगाडीतून फेरफटका मारवून आणीत होती. त्या गाडीखाली ब्रिजेटबाई सापडल्या आणि जागच्या जागी गेल्या. पेट्रोलच्या मोटारीने ब्रिटनमध्ये घेतलेला पायी चालणाऱ्याचा तो पहिला बळी. गाडी आगीच्या बंबासारखी धावत होती, असे एका साक्षीदाराने सांगितले. चालक म्हणाला, वेग ताशी अवघा चार मैल होता. पंचांनी निर्णय दिला : अपघाती मृत्यू. असे पुन्हा कधी घडू नये, अशी इच्छा चौकशी अधिकाऱ्याने व्यक्त केल्याचे सांगतात. पुढे तीनच महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, नवा कायदा अमलात आला आणि मोटारींना ताशी चौदा मैलांपर्यंत धावण्याची मुभा मिळाली!

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेतले ते दोन शब्द असे सव्वाशे वर्षांहून जुने आहेत.

१९३० साली ब्रिटनने मोटारींवरची वेगमर्यादा साफ काढून टाकली. १९३४ साली तेथील रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली, आणि त्यांतली सुमारे निम्मी पायी चालणारी होती. तेव्हा कोठे सरकारला जाग आली. वाहतूकमंत्री हॉर-बेलिशा यांनी रस्ता ओलांडण्याच्या जागा आखून तेथे नारिंगी गोलांचे खांब उभारले. १९३५ पासून वस्तीमध्ये ताशी तीस मैलांची मर्यादा आली, आणि नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. काळेपांढरे झेब्रा पट्टे आले ते १९५१ मध्ये. आपण ज्यांवरून रोज चालतो त्या पट्ट्यांपर्यंत पोचायला पंचावन्न वर्षे लागली. आणि आपण मात्र ते दोन पावसाळ्यांत पुसू देतो!

याहून मोलाची कहाणी हॉलंडची आहे. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. फिक लांगेनहॉफ या पत्रकाराची शाळकरी मुलगी त्यांतलीच एक. १९७२ मध्ये त्यांनी वृत्तपत्रात लेख लिहिला. त्याचे शीर्षक होते ‘बालहत्या थांबवा’. ज्याला सारे जग अपघात म्हणत होते त्याला या बापाने हत्या म्हटले, आणि त्या एका शब्दाने आईबापे घराबाहेर पडली. मार्ट्ये फान पुटेन ही तरुण माता चळवळीची पहिली अध्यक्ष झाली. पुढे ती युरोपच्या संसदेतही गेली. जेथे बळी गेले त्या जागा या मंडळींनी अडविल्या. काही गल्ल्या दिवसभर वाहनांना बंद करून तेथे मुलांना खेळू दिले. पंतप्रधानांच्या दारी सायकलींवरून जाऊन गाणी म्हटली, आणि पंतप्रधानांनी बाहेर येऊन त्यांचे ऐकून घेतले.

मंडळी नुसती ओरडून थांबली नाहीत, रस्ते कसे असावेत याचे आराखडेही त्यांनी मांडले. १९७६ साली तेथे निवासी गल्ल्यांना कायद्याची मान्यता मिळाली. या गल्ल्यांत पहिला मान चालणाऱ्यांचा आणि खेळणाऱ्या मुलांचा. मोटारीने माणसाच्या पावलाने चालायचे. त्यासाठी वाटेत झाडे, उंचवटे, वळणे मुद्दाम ठेवलेली. वेग पाटी लावून उतरत नाही, रस्त्याच्या घडणीनेच उतरतो, हे त्या देशाने ओळखले. १९७१ मध्ये चारशेहून अधिक मुले गेली होती, तेथे २०१० साली चौदा वर्षांखालची चौदा मुले गेली. चौदाही अधिकच, परंतु जी शेकडो वाचली ती देवाच्या करणीने वाचली, असे कोण म्हणेल?

ब्रिटनमध्येही एक आई अशीच उभी राहिली. लाल दिवा मोडून आलेल्या गाडीने १९९० मध्ये ब्रिजिट चौधरी यांचा मुलगा गेला. १९९२ मध्ये त्यांनी अशाच घरांसाठी संस्था काढली, आणि १९९३ पासून रस्त्यावरच्या बळींचा स्मरणदिन सुरू केला. २००५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने त्याला मान्यता दिली. नोव्हेंबरचा तिसरा रविवार हा तो दिवस.

आता आपल्या घराकडे वळू. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दररोज नव्वद माणसे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी धोरण मंजूर केले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अडथळा नसलेला पदपथ हा नागरिकाच्या जीविताच्या हक्कातच मोडतो. कागद आपल्या बाजूचा आहे. पण पदपथावर दुचाक्या उभ्या असतात, आणि आजीबाई नातवाचा हात धरून रस्त्यात उतरतात.

पट्टे रंगवा म्हणून काकूंच्या मागे आम्ही दोनदा अर्ज दिला. एकदा पोच मिळाली. पट्टे मिळाले नाहीत. तिसरा अर्ज तयार आहे. पट्टे, त्यांच्या अलीकडे वेग उतरविणारा उंचवटा आणि मोकळा पदपथ, एवढ्या तीनच मागण्या. वर्धापनदिनी तो दाराशी रांगोळीशेजारी ठेवलेला असेल. हळदीकुंकू घेण्याआधी प्रत्येकीने त्यावर सही करावी. आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी सायंकाळी, काकू पडल्या त्या जागी, पदपथावर आपण सर्वजणींनी पणत्या घेऊन उभे राहावे.

मुद्रितातली ती ओळ मी अखेर बदलली. ‘अपघाती निधन’ खोडून लिहिले : ‘मंडळात येत असता, रस्ता ओलांडताना मोटारीच्या धडकेने मृत्यू.’ ओळ लांबली, जुळारीसाहेबांनी थोडी कुरकुर केली. पण चिटणीसबाई म्हणाल्या, “असू द्या. खरे आहे ते छापा.”