शाकारणी

पुण्यातल्या आयटी कंपनीत ‘त्याला सपोर्टला टाकलं’ हे ज्या सुरात सांगितले जाते, तोच सूर सरकारी खात्यात आडगावी बदली झालेल्याविषयी बोलताना लागतो. नवे उभारतो तो डेव्हलपर. दुसऱ्याच्या कोडमधले बग काढत बसतो तो बिचारा. लग्नाच्या स्थळांच्या माहितीत ‘मेंटेनन्स करतो’ असे लिहिलेले मी तरी अजून पाहिलेले नाही.

या सुरामागे एक सिद्धान्त आहे, आणि नीट मांडला तर तो वाटतो तितका पोकळ नाही. बग म्हणजे चूक. ती लिहिणाऱ्याच्या हातून होते. कसलेला माणूस कमी चुका करतो. तेव्हा एखादी लायब्ररी तीस-तीस वर्षे बग निस्तरत असेल, तर ती मुळात कच्ची असली पाहिजे. आणि पक्की असेल तर कधीतरी ‘झाली पूर्ण’ म्हणून तिला हात लावणे थांबले पाहिजे. पूर्वपक्षाजवळ याला दृष्टान्तही आहे, तोही ऐरागैरा नव्हे: डोनाल्ड क्नुथ यांचे ‘टेक’. या अक्षरजुळणीच्या प्रणालीत क्नुथ यांनी नवे काही घालणे केव्हाच थांबवले. दुरुस्ती झाली की आवृत्तीच्या क्रमांकात π चा एक अंक वाढतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्यामागे तो नुसता π करावा आणि त्यानंतर जे बग उरतील ते गुणधर्म समजावेत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. सॉफ्टवेअर पूर्ण होऊ शकते, याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

पुरावा खरा आहे, पण तो लावला जातो भलत्या ठिकाणी. टेक मजकुराची फाईल घेते आणि पानाचे वर्णन बाहेर टाकते. बाहेरच्या जगाशी तिचा संबंध एवढाच. तरीही नव्या यंत्रांवर ती चालावी म्हणून ‘टेक लाइव्ह’ची मंडळी दरवर्षी नवा संच बांधतात, ही गोष्ट पूर्वपक्ष सांगत नाही. मीर लेमन यांनी १९८० मध्ये प्रोग्रामांचे प्रकार पाडले, तेव्हा नेमका हा भेद केला होता. काही प्रोग्रामांची बरोबर-चूक लिखित व्याख्येवरून ठरते. काही प्रोग्राम जगात रुतलेले असतात. जग हलले की ते जागच्या जागी चुकीचे होतात. खिडक्या, बटणे, मेनू आणि मजकुराच्या चौकटी पुरवणारी, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे चालणारी लायब्ररी या दुसऱ्या प्रकारात मोडते. तिचे बिऱ्हाड एकाच वेळी तीन घरमालकांकडे असते, आणि तिघांपैकी कोणीही भिंत पाडताना भाडेकरूला विचारत नाही.

डब्ल्यूएक्सविजेट्स या लायब्ररीचा इतिहास पाहा. ऑडॅसिटी, फाईलझिला, कीकॅड हे प्रोग्राम तिच्यावर उभे आहेत. १९९२ मध्ये एडिनबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांना एकच प्रोग्राम विंडोजवर आणि युनिक्सच्या यंत्रांवर चालवायचा होता. त्यातून ती जन्मली. नावातला डब्ल्यू विंडोजचा आणि एक्स हा युनिक्सवरच्या एक्स विंडो प्रणालीचा. तेव्हा तिचे दोन पाय होते: युनिक्सकडे एक्सव्ह्यू, विंडोजकडे मायक्रोसॉफ्टची एमएफसी. थोड्याच वर्षांत एक्सव्ह्यू मागे पडून मोटिफ आले. एमएफसी बोर्लंडचा कंपायलर वापरणाऱ्यांना अडचणीची होती, म्हणून तीही सोडून थेट विंडोजच्या मूळ फंक्शनांवर नवे काम झाले. दोन्ही पाय गेले, लायब्ररी उभी राहिली. तिचे मूळ नाव डब्ल्यूएक्सविंडोज. ‘विंडोज’ या शब्दावर मायक्रोसॉफ्टने हक्क सांगितल्यावर २००४ मध्ये तेही बदलले. यात स्मार्ट यांची चूक कोणती, ते पूर्वपक्षाने दाखवावे.

पुढचे थोडक्यात सांगतो. ॲपलने २००७ मध्ये कार्बन हा जुना पाया ६४ बिटांवर आणणार नाही असे जाहीर केले, आणि २०१९ च्या कॅटलिनाने ३२ बिटांचे प्रोग्राम चालवणेच बंद केले. तोपर्यंत कार्बनवरची मॅक-बाजू कोकोवर उतरवावी लागली. २०१२ मध्ये मॅकवर रेटिना पडदा आला आणि एक बिंदू म्हणजे एक पिक्सेल हे समीकरण मोडले. लिनक्सवर एक्सच्या जागी वेलँड येऊ लागले, आणि आपली खिडकी पडद्यावर नक्की कुठे ठेवायची हे ठरवण्याचा प्रोग्रामचा अधिकारच गेला. ‘खिडकी इथे ठेव’ हे फंक्शन लायब्ररीत आजही आहे, कोड अक्षरशः तोच आहे, पण वेलँडवर खिडकी हलत नाही. वापरणारा तक्रार नोंदवतो: बग. त्याच्या दृष्टीने तो आहेच. कोकणात मृगाच्या आधी कौलारू घर शाकारतात, तेव्हा ‘मूळ सुताराला काही येत नव्हते’ असे कोणी म्हणत नाही.

बेनेट लिएंट्झ आणि बर्टन स्वॉन्सन यांनी १९८० मध्ये ४८७ संस्थांची पाहणी प्रसिद्ध केली. देखभालीच्या श्रमांपैकी चुका दुरुस्त करण्यात गेलेला वाटा त्यांना साधारण एक पंचमांश आढळला. बाकीचा बव्हंशी बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्यात आणि वापरणाऱ्यांच्या वाढत्या मागण्यांत गेला होता. देखभाल म्हणजे चुका निस्तरणे, हे समीकरण चार दशकांपूर्वीच मोजून खोटे ठरले आहे. पण मोजणी ऐकतो कोण?

आता एक उदाहरण आपल्या घरचे. मजकुराच्या चौकटीत ‘दर्या’ लिहा आणि मग ‘दऱ्या’ लिहा. एक समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. आचार्यास द्यायचे ते आचाऱ्यास मिळाले तर घोटाळा होईल, म्हणून मराठीला हे दोन ‘र’ वेगळे लागतात. युनिकोडमध्ये दुसरा ‘र’ दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधायला गेले की एक दुसऱ्याला सापडत नाही. बरे, ‘कि’मधली वेलांटी दिसते आधी आणि स्मृतीत असते ‘क’च्या मागे. तिच्यावर माऊस टिचकावला तर कर्सर कुठे उभा राहावा? बाणाची कळ अख्खे ‘क्षि’ ओलांडते. मग मागे खोडणाऱ्या कळीने अख्खे ‘क्षि’ पुसावे, की नुसती वेलांटी? मराठी टंकणाऱ्याला वेलांटीच पुसलेली हवी असते. जीटीके ही अशीच दुसरी लायब्ररी. तिच्याखाली मजकूर मांडणाऱ्या पँगो या लायब्ररीत ही बाब ठरवणारी एक वेगळी खूण प्रत्येक अक्षराच्या नोंदीत ठेवलेली आहे. आणि मराठी वळणाचे ‘ल’ नि ‘श’ हवे असतील तर मजकूर हिंदी नसून मराठी आहे, हे लायब्ररीने फॉन्टला सांगावे लागते. सांगायला विसरली तर फॉन्टमध्ये अक्षरे असूनही ती आपल्याला दिसत नाहीत.

यातले काहीही या लायब्रऱ्यांच्या पहिल्या आवृत्तीच्या लेखकांना सुचण्यासारखे नव्हते. एक अक्षर म्हणजे एक आकृती, हे त्यांच्या लिपीत खरे होते. जीटीके २.० मधून २००२ साली पँगो आली आणि ते गृहीतक मुळापासून उपटावे लागले. त्या कामाला नवनिर्मिती म्हणायचे की दुरुस्ती? मला यातली सीमारेषा दिसत नाही, आणि पूर्वपक्षाचा सगळा डोलारा तर त्याच रेषेवर उभा आहे.

दुरुस्ती हे कमी अकलेचे काम, हाही एक पोटसिद्धान्त आहे. त्यासाठी एक तांत्रिक गोष्ट सांगावी लागेल. सी++ मध्ये तयार झालेला प्रोग्राम लायब्ररीतली कित्येक फंक्शने नावाने नव्हे, यादीतल्या क्रमांकाने हाक मारतो. दुरुस्तीच्या ओघात यादीच्या मधोमध एक नवे फंक्शन घातले, तर पुढचे सारे क्रमांक सरकतात. चाळीत मध्येच एक खोली वाढवून पुढच्या दारांवरचे आकडे बदलले तर पोस्टमनचे जे होईल, ते जुन्या प्रोग्रामांचे होते. म्हणून डब्ल्यूएक्सविजेट्सच्या ३.२ सारख्या सम क्रमांकाच्या स्थिर मालिकेत दुरुस्ती करणाऱ्याला असला सोपा उपाय मनाई असतो. तो पुढच्या मालिकेसाठी राखून इथे आडवाटेने जावे लागते. नवे लिहिणाऱ्याला कोरा कागद मिळतो. दुरुस्ती करणाऱ्यासमोर लिहून भरलेला कागद असतो, तोही हजारो प्रोग्रामांनी पाठ केलेला.

पाठ केलेल्यात चुकाही येतात. पँगो १.४४ ने २०१९ मध्ये फॉन्ट हाताळण्याचे काम हार्फबझ या दुसऱ्या लायब्ररीकडे सोपवले. काम सरळ झाले, पण त्याबरोबर जुन्या बिटमॅप फॉन्टचा आधार गेला आणि ते वापरणारे खवळले. एक दोष काढताना दुसरा शिरण्याची शक्यता फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये वीस ते पन्नास टक्के सांगितली होती. पूर्वपक्ष हे वाक्य ‘म्हणून हात लावू नका’ अशा अर्थाने वापरतो. त्यातून मला उलटेच दिसते: ज्या कामात दर पाच वारांमागे निदान एक आपल्याच पायावर पडतो, ते नवशिक्याच्या हाती देऊ नये.

जीटीकेचे एक प्रकरण मात्र पूर्वपक्षाच्या हाती आयतेच आहे, ते टाळून चालणार नाही. फाईल निवडण्याच्या खिडकीत चित्रांच्या छोट्या प्रतिमा जाळीत दिसाव्यात, ही मागणी २००४ मध्ये नोंदवली गेली आणि ४.१० मध्ये, म्हणजे २०२३ मध्ये, पुरी झाली. इंटरनेटवर तिची यथेच्छ टिंगल झाली आणि थोडी रास्तही होती. मधल्या काळात लोकांनी पाठवलेली ठिगळे स्वीकारली गेली नाहीत. पण ती खिडकी ज्या जुन्या यादी-घटकावर बसली होती, तो जाळीसाठी घडवलेलाच नव्हता. २०२० अखेरच्या जीटीके ४ ने नवे घटक आणले, तेव्हा कुठे हे काम नीट बसले. दिरंगाई झाली, हे कबूल. पण तिचे कारण देखभाल करणारे हात फार होते हे नव्हे, ते कमी होते हे आहे. ज्या गिंप या चित्रकामाच्या प्रोग्रामसाठी जीटीके जन्मले, तो जीटीके ३ वर पोचायला मार्च २०२५ उजाडले. जीटीके ३ आले होते २०११ मध्ये.

‘मग हे सगळे सोडा, ब्राउझरमध्येच बांधा’ हा हल्लीचा उपाय. इलेक्ट्रॉन प्रत्येक प्रोग्रामबरोबर अख्खा क्रोमियम ब्राउझर बांधून देते, दर आठ आठवड्यांनी नवी मोठी आवृत्ती काढते आणि शेवटच्या तीनच आवृत्त्या सांभाळते. शाकारणी टळली नाही. फक्त कौले दुसऱ्याने आणून दिली आणि वर्षातून सहा वेळा छपरावर चढणे आले.

शेवटचा पुरावा बाजाराचा. नॉर्वेत जन्मलेल्या क्यूट या लायब्ररीच्या कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये दीर्घकालीन आधाराच्या ५.१५ मालिकेच्या पुढच्या आवृत्त्या पैसे देणाऱ्यांपुरत्या ठेवल्या. नवी क्यूट ६ सर्वांना खुली होती, नवी कामगत त्यात मोफत मिळत होती. कुलूप लागले ते जुन्याच्या दुरुस्त्यांना. कंपनीला काय विकले जाईल, हे तिच्या हिशेबनीसांना आपल्याकडच्या मुलाखती घेणाऱ्यांपेक्षा चांगले कळत असावे. ज्यांचा डेस्कटॉप अजून क्यूट ५ वर उभा होता, त्या केडीईच्या लोकांनी एप्रिलमध्ये क्यूट ६ मधल्या खुल्या दुरुस्त्या मागे आणून ५.१५ वर चढवलेला आपला सार्वजनिक साठा सुरू केला. त्याला नियमही घालून दिला: सुरक्षेतल्या फटी, क्रॅश आणि कामातले दोष एवढ्यांचीच ठिगळे घ्यायची, नवे काही घ्यायचे नाही.