परिचारिकेच्या शब्दावर

आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली परिचारिकेचे शिक्षण घेतात. बी. एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात त्यांना संशोधन व संख्याशास्त्र हा विषय शिकावा लागतो. पाहणीसाठी माणसे कशी निवडावीत, तुलनेसाठी दुसरा गट का घ्यावा, नोंदी कशा ठेवाव्यात, रुग्णाची संमती कशी घ्यावी, हे सारे त्यात येते. परीक्षेपुरते पाठ करावे आणि विसरून जावे, असा हा भाग वाटतो. परंतु या नियमांमागे माणसांच्या सोसण्याचा इतिहास आहे. त्यातील एक प्रकरण अमेरिकेत घडले आणि त्याच्या मध्यभागी एक परिचारिकाच उभी होती; म्हणून ते आम्हांला येथे सांगावेसे वाटते.

अलाबामा राज्यातील मेकन परगणा हा कापसाच्या शेतीचा मुलूख. तेथील कृष्णवर्णीय कुळे व शेतमजूर अतिशय दारिद्र्यात राहत. 1932 साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने टस्कीगी येथील संस्थेच्या साह्याने तेथे एक अभ्यास आरंभिला. उपदंश या रोगावर उपचार केलेच नाहीत तर शरीराची काय अवस्था होत जाते, हे पाहणे हा त्याचा हेतू. त्यासाठी 600 पुरुष निवडण्यात आले. त्यांपैकी 399 जणांना उपदंश झालेला होता. 201 जणांना तो नव्हता, ते तुलनेसाठी घेतलेले. त्यांना खरा हेतू सांगितला गेला नाही. ‘तुमचे रक्त बिघडले आहे, सरकार तुमच्यावर मोफत उपचार करणार आहे’, एवढेच त्यांना कळले. पाठीच्या कण्यातील पाणी काढण्याची वेदनादायक तपासणीसुद्धा खास उपचार म्हणून त्यांच्या गळी उतरविण्यात आली.

या माणसांना एकत्र राखण्याचे काम युनिस रिव्हर्स या परिचारिकेकडे होते. त्यांचा जन्म 1899 सालचा. त्या स्वतः कृष्णवर्णीय आणि टस्कीगीतच शिकलेल्या. डॉक्टर येत आणि जात. रिव्हर्सबाई मात्र तीन दशकांहून अधिक काळ तेथेच राहिल्या. त्या घरोघर जात, मुलाबाळांची विचारपूस करीत, किरकोळ दुखण्याची औषधे देत, तपासणीच्या दिवशी पुरुषांना आपल्या मोटारीतून नेत. सन्मानाने मूठमाती मिळावी, ही त्या गरिबांची मोठी चिंता होती. मृत्यूनंतर शवविच्छेदनास अनुमती दिल्यास दफनाचा खर्च मिळे. ती अनुमती दुःखी कुटुंबाकडून मिळविण्याचे कामही याच बाई करीत. लोकांचा विश्वास डॉक्टरांवर नव्हता, शास्त्रावर नव्हता. तो परिचारिकेच्या शब्दावर होता.

1947 सालापर्यंत पेनिसिलिन हे उपदंशावरील मान्य औषध झाले. या पुरुषांना ते देण्यात आले नाही. उलट ते अन्यत्र मिळू नये म्हणून खटपट झाली. त्याच वर्षी न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांचा न्याय करताना न्यायालयाने स्पष्ट केले, की स्वेच्छेने दिलेल्या संमतीवाचून माणसावर प्रयोग करता येणार नाही. सप्टेंबर 1952 मध्ये पोप पायस बारावे यांनी वैद्यकतज्ज्ञांपुढे भाषण करताना विज्ञानाचे हित अथवा समाजाचे हित हे संशोधनाला अमर्याद मोकळीक देत नाही, असे बजावले. शब्द उच्चारले जात होते. मेकन परगण्यात मात्र माणसे मरत होती आणि नोंदी होत होत्या.

1966 साली त्याच आरोग्य सेवेतील पीटर बक्स्टन या तरुण कर्मचाऱ्याने आक्षेप घेतला. 1969 साली तज्ज्ञांच्या मंडळाने अभ्यास चालू ठेवण्याचेच ठरविले. अखेर जुलै 1972 मध्ये वृत्तपत्रांतून ही हकिकत बाहेर आली आणि त्याच वर्षी चाळीस वर्षांचा हा अभ्यास बंद झाला. 1974 साली अमेरिकेत संशोधनावर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. 1979 साली बेल्मंट अहवालाने तीन तत्त्वे मांडली: व्यक्तीचा आदर, तिचे हित आणि न्याय. 16 मे 1997 रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. रिव्हर्सबाई 1986 सालीच निवर्तल्या होत्या.

ज्या शास्त्रासाठी हे केले, ते तरी साधले काय? पुढील चौकशीत या अभ्यासाची लेखी योजनाच सापडली नाही. आरंभी अनेकांना थोडेफार उपचार मिळालेले, काहींनी पुढे बाहेरून औषध घेतलेले. तेव्हा ‘उपचाराविना’ हे वर्णनच खरे उरले नव्हते. तुलनेच्या गटातील काहींना रोग जडला, तेव्हा त्यांना उचलून रोग्यांच्या गटात टाकण्यात आले. ज्याने रुग्णाशी खरे बोलायचे नाही असे ठरविले, त्याच्या नोंदवहीतही खरेपणा टिकला नाही.

रिव्हर्सबाईंना दुष्ट म्हणणे सोपे आहे. आमच्याने ते होत नाही. परिचारिकेने निदान करू नये, औषध ठरवू नये, डॉक्टरांची आज्ञा पाळावी, असेच आपल्याला शिकविले होते, असे त्यांनी उतारवयात सांगितले. त्यांची माया खोटी नव्हती. पण त्या मायेच्या आडूनच औषध रोखले गेले, हेही खोटे नाही. आज्ञाधारकपणा हा सद्गुण आहे; मात्र सदसद्विवेकबुद्धी गहाण ठेवून पाळलेली आज्ञा सद्गुणात जमा होत नाही. 1992 सालच्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे: माणसाच्या प्रतिष्ठेला बाध आणणारा प्रयोग त्याच्या संमतीनेही योग्य ठरत नाही.

आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2000 साली याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व 2017 साली ती नव्याने मांडली. नियम आहेत, पण कागदावर अंगठा उमटला म्हणजे संमती मिळाली असे नव्हे. खाटेवर पडलेल्या माणसाला गणवेशातील व्यक्तीपुढे ‘नाही’ म्हणणे किती अवघड जाते, हे रुग्णालयात राहिलेला प्रत्येकजण जाणतो.

म्हणून घरातील मुलगी प्रश्नावली घेऊन अभ्यासाला बसली असेल, तर आईवडिलांनी तिला एवढेच विचारावे: “बाळ, तुझ्या प्रश्नांना एखाद्या आजीने ‘नको’ म्हटले, तर तिची उशी तू पूर्वीसारखीच नीट करशील ना?” त्या प्रश्नाचे उत्तर तिने मनापासून ‘हो’ असे दिले, तर संशोधनाचा पहिला धडा तिला कळला, असे समजावे.