कासवाचे बालपण

देवळात शिरताना दगडी कासव आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. इंग्लंडमध्ये मात्र कासव भेटते ते घरामागच्या बागेत, आणि त्या बागेपर्यंतचा त्याचा प्रवास फारसा सुखाचा नाही.

इथले सर्वांत नामांकित कासव म्हणजे टिमथी. ससेक्समधील रेबेका स्नूक यांच्याकडे ते सुमारे चाळीस वर्षे होते. १७८० मध्ये त्या वारल्यावर त्यांचा भाचा, धर्मोपदेशक आणि निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइट, याने त्याला घोडागाडीतून हॅम्पशायरमधील सेलबोर्न गावी आणले. ते नोव्हेंबरात मातीत कसे शिरते, वसंतात कधी वर येते, एवढे भक्कम कवच असून पावसाला किती घाबरते, हे सारे व्हाइटने टिपून ठेवले. १७९३ मध्ये तो गेला आणि पुढच्या वर्षी टिमथीही. टिमथी मादी होती, हे पुढे कवच तपासल्यावर कळले.

इतक्या बारकाईने पाहणाऱ्या व्हाइटलाही कासवाचे बालपण पाहायला मिळाले नाही, कारण कासव यायचे तेच मोठे होऊन, जहाजातून. विसाव्या शतकात भूमध्य सागराच्या किनाऱ्यांवरून अशी लाखो कासवे ब्रिटनमध्ये आली. बरीचशी पहिल्याच हिवाळ्यात मरत. वसंतात दुकानात नवे कासव स्वस्तात मिळे. मेलेल्याच्या जागी दुसरे सहज मिळत असेल, तर जगवायची विद्या शिकणार कोण?

१९८४ मध्ये युरोपीय समुदायाने या जातींची व्यापारी आयात बंद केली. तेव्हापासून बागेत सापडलेल्या अंड्याला मोल आले आणि पिल्लू वाढवण्याचे शास्त्र पाळणाऱ्यांनी हळूहळू जमवले. अक्रोडाएवढ्या पिल्लाला एका टोकाला उबदार आणि दुसऱ्या टोकाला गार अशी पेटी लागते. खिडकीतले ऊन पुरत नाही. काच अतिनील किरण अडवते, आणि त्यांच्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडते. म्हणून खास दिवा लावायचा. हवा फार कोरडी राहिली तर कवचावर उंचवटे येतात, म्हणून कोमट, उथळ पाण्यात अंघोळ घालायची. खायला फळे नकोत, डँडेलायनसारखी रानपाने हवीत.

उन्हाळ्यात दिवसा बाहेर ठेवायचे, पण वर जाळी हवी, कारण कावळा आणि कोल्हा टपलेले असतात. वय वाढेल तसे बागेतले तास वाढवायचे, आणि मोठे झाले की उबदार खोपटे देऊन पूर्ण उन्हाळा बागेतच. हिवाळ्यात कित्येक जण निरोगी कासवाला पेटीत घालून चक्क फ्रिजमध्ये, पाच अंशांच्या आसपास, झोपवतात आणि अधूनमधून वजन पाहतात.

आपल्याकडच्या तारा कासवाची गोष्ट मात्र अजून १९८४ च्या अलीकडेच अडकली आहे. भारतात ते पाळणे कायद्याने गुन्हा आहे, २०१९ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही जवळजवळ पूर्ण बंद झाला, तरी चोरटी वाहतूक चालूच आहे. मुलांच्या हट्टाखातर इथे कासव घ्यायचे झालेच, तर किंमत विचारण्याआधी त्याच्या जन्माचे कागद मागा.