गिरणी, व्हायोलिन आणि घुमट : पेनसिल्व्हेनियातील अँटीस घराण्याचा इतिहास

प्रास्ताविक

अमेरिकन संसदभवनाचा शिल्पकार म्हणून बेंजामिन हेन्री लॅट्रोब (१७६४-१८२०) याचे नाव वास्तुकलेच्या प्रत्येक इतिहासग्रंथात आढळते. अमेरिकेत जन्मलेल्या आरंभीच्या संगीतरचनाकारांत जॉन अँटीस (१७४०-१८११) याची गणना संगीताचे इतिहासकार करतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीचा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स जोसेफ ला ट्रोब (१८०१-१८७५) हा राजकीय इतिहासाचा विषय होय. हे तिघे एकाच घरातून निघालेले आहेत. मात्र ही गोष्ट यांपैकी कोणत्याही एका शाखेच्या ग्रंथातून सहजासहजी ध्यानात येत नाही. हे घर म्हणजे पेनसिल्व्हेनियातील फ्रेडरिक टाउनशिप येथील हेन्री अँटीस या जर्मन वसाहतकऱ्याने १७३६ मध्ये बांधलेले दगडी घर. ज्ञानशाखांच्या विभागणीमुळे एकसंध कौटुंबिक इतिहासाचे तुकडे कसे होतात, याचे हे बोलके उदाहरण आहे. त्यातही हे तुकडे जोडणारा दुवा एक स्त्री आहे, आणि विवाहानंतर तिचे आडनाव बदलल्याने तो दुवा अधिकच अदृश्य झाला.

हेन्री अँटीस : वसाहतकरी बांधकामकार

योहान हाइनरिश अँटीस याचा जन्म १७०१ मध्ये जर्मनीच्या पॅलाटिनेट प्रांतातील फ्राइन्सहाइम येथे झाला. युद्धे, करांचा बोजा आणि धार्मिक अस्थैर्य यांना कंटाळून पॅलाटिनेटमधील हजारो कुटुंबे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात अटलांटिक ओलांडून गेली. अँटीस कुटुंबही १७२० च्या सुमारास पेनसिल्व्हेनियात पोहोचले. तेथे हेन्री सुतारकाम आणि गिरणीबांधणी या व्यवसायांत स्थिरावला. १७२६ मध्ये त्याने जर्मनटाउनजवळचा कागद-उत्पादक विल्यम डेवीस याच्या मुलीशी, ख्रिस्तीना एलिझाबेथशी विवाह केला आणि सासऱ्याच्या साथीने कागदाची व पिठाची गिरणी चालविली.

पाणचक्की बांधणाऱ्या कारागिराला त्या काळात असलेले महत्त्व आज सहज लक्षात येणार नाही. ओढ्याच्या प्रवाहाचा उतार मोजणे, बांध घालणे, लाकडी दातेरी चाके अचूक कापणे आणि जात्यांची पाळू बसविणे ही सर्व कौशल्ये त्याच्या ठायी एकवटलेली असत. नव्या वस्तीत गिरणी उभी राहिली की तिच्याभोवती रस्ते, बाजार आणि माणसांचे येणेजाणे सुरू होई. त्यामुळे गिरणीवाला हा साहजिकच परिसराचा पुढारी बने. फ्रेडरिक टाउनशिपमध्ये स्वॅम्प क्रीकच्या काठी अँटीसने भागीदारीत गिरणी उभारली आणि जवळच आपले घर बांधले. हे घर जर्मन पद्धतीच्या तीन खोल्यांच्या आराखड्याचे आहे : मध्यभागी धुराडे, एका बाजूस स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूस उबदार बैठकीची खोली आणि तिच्यामागे निजायची खोली. अमेरिकेतील जर्मन वसाहतकऱ्यांच्या गृहरचनेचा उत्तम नमुना म्हणून १९९२ मध्ये त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा देण्यात आला.

अँटीस धर्माने रिफॉर्म्ड पंथीय होता. पेनसिल्व्हेनियात धर्मस्वातंत्र्य असल्याने जर्मन भाषकांमध्ये लुथरन, रिफॉर्म्ड, मेनोनाइट, श्वेंकफेल्डर असे अनेक पंथ शेजारी शेजारी नांदत होते आणि तितकेच भांडतही होते. या पंथांनी एकत्र बसून समान श्रद्धांचा विचार करावा, असे आवाहन अँटीसने डिसेंबर १७४१ मध्ये पत्राद्वारे केले. त्यानुसार जानेवारी १७४२ मध्ये जर्मनटाउन येथे पहिली परिषद भरली. मोरावियन पंथाचा नेता काउंट त्सिन्त्सेनडॉर्फ या परिषदांचा प्रमुख वक्ता ठरला आणि सहा महिन्यांत अशा सात परिषदा झाल्या. ऐक्य साधले नाही, परंतु औपचारिक दीक्षा नसलेल्या या गिरणीवाल्याला ‘फ्रेडरिकचा धर्मशील गृहस्थ’ अशी ख्याती लाभली.

बेथलेहेम आणि श्वेत वस्त्राचा वाद

मोरावियनांनी १७४१ मध्ये लेहाय नदीकाठी बेथलेहेम ही वस्ती स्थापन केली. तेथे १७४२ ते १७६२ या काळात सामुदायिक अर्थव्यवस्था होती : वेतन नाही, खाजगी व्यापार नाही, श्रम सर्वांचे आणि अन्नवस्त्रही सर्वांचे. स्त्रिया, पुरुष, अविवाहित आणि मुले यांचे स्वतंत्र निवासगट असत. १७४५ मध्ये अँटीसने आपले घर व शेती मुलांच्या निवासी शाळेसाठी मोकळी करून दिली आणि तो सहकुटुंब बेथलेहेमला गेला. तेथील गिरण्या व इमारतींच्या उभारणीत त्याच्या देखरेखीचा मोठा वाटा होता.

या वस्तीच्या पायाखालील भूमीचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. बेथलेहेम आणि शेजारचे नाझरेथ ही दोन्ही गावे १७३७ च्या कुप्रसिद्ध ‘वॉकिंग पर्चेस’च्या क्षेत्रात येतात. एक माणूस दीड दिवसात चालून जाईल तेवढी जमीन, असा जुन्या कराराचा अर्थ लावून पेन कुटुंबाच्या प्रतिनिधींनी निवडक धावपटू धाडले आणि लेनापे लोकांची सुमारे १२ लाख एकर भूमी बळकाविली. मोरावियनांनी ही जमीन रीतसर पैसे देऊन घेतली आणि लेनापे लोकांत धर्मकार्यही केले. पण त्यांना ती विकणाऱ्यांचा हक्कच मुळात कपटातून आलेला होता. अँटीसच्या बांधकाम-कौशल्याचा गौरव करणारे स्थानिक इतिहास या मुद्द्यावर फारसे बोलत नाहीत.

१७५० मध्ये अँटीसने मोरावियन मंडळी सोडली. प्रभुभोजनाच्या विधीत धर्मगुरूने श्वेत झगा परिधान करण्याची नवी प्रथा त्याला मान्य नव्हती. वरकरणी क्षुल्लक वाटणारे हे कारण रिफॉर्म्ड संस्कारात वाढलेल्या मनाला क्षुल्लक नव्हते. वेशभूषेचा थाट म्हणजे रोमन चर्चच्या वाटेवर परतणे होय, अशी त्या परंपरेची धारणा होती. उल्लेखनीय बाब अशी, की मतभेदानंतरही त्याने मोरावियनांची साथ सोडली नाही. १७५२ च्या शरद ऋतूत तो बिशप स्पांगेनबर्ग याच्यासह नॉर्थ कॅरोलिनाच्या अरण्यात गेला आणि पुढे ‘वाखोव्हिया’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या सुमारे एक लाख एकर भूभागाच्या निवडीत व मोजणीत त्याने भाग घेतला. या प्रवासात त्याची प्रकृती ढासळली. १७५५ मध्ये त्याचे निधन झाले.

जॉन अँटीस : करवतीपासून कमानीपर्यंत

वडिलांनी मंडळी सोडल्यानंतर दोनच वर्षांनी, १७५२ मध्ये, बारा वर्षांचा जॉन बेथलेहेमच्या मंडळीत दाखल झाला. तेथील दैनंदिन जीवन संगीताने व्यापलेले होते. १७५४ मध्ये बेथलेहेमला ट्रॉम्बोनचा संच आला. कोणी मरण पावले की उंचावरून ट्रॉम्बोनवर स्तोत्राची चाल वाजवून वार्ता दिली जाई आणि चालीवरून मृत व्यक्ती कोणत्या निवासगटातील आहे हे ऐकणाऱ्यांना कळे. उपासनेत तंतुवाद्यांच्या साथीने गायली जाणारी भक्तिगीते युरोपातील समकालीन शैलीची असत. सरहद्दीवरच्या वस्तीत असे संगीत ऐकून पाहुणे चकित होत.

लाकूडकाम जॉनच्या रक्तातच होते. त्याने १७५९ मध्ये बनविलेले व्हायोलिन नाझरेथ येथे मोरावियन हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात आहे, तर १७६४ मधील व्हायोला लिटिट्झ येथे आहे. अमेरिकन वसाहतींत बनलेल्या आणि आज टिकून असलेल्या गजाच्या वाद्यांत ही सर्वांत जुन्या वाद्यांपैकी होत. गिरणीचे चाक कापणारा बाप आणि व्हायोलिनची पाठ कोरणारा मुलगा यांच्यातील अंतर वाटते तेवढे मोठे नाही. लाकडाचा पोत ओळखणे, ते किती वाळवायचे याचा अंदाज आणि जोडातील नेमकेपणा ही विद्या एकच आहे.

१७६४ मध्ये जॉन युरोपला गेला आणि तेथे घड्याळजीचे काम शिकला. १७६९ मध्ये त्यास दीक्षा मिळाली आणि पुढील वर्षी तो कैरोस पोहोचला. मोरावियनांचे मिशन या सुमारास दूरदूर पसरत होते. तंजावरच्या मराठी राज्याला लागून असलेल्या तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीतही १७६० मध्ये त्यांचे ठाणे झाले होते. इजिप्तमधील उद्देश कॉप्टिक ख्रिस्ती समाजाशी आणि शक्य झाल्यास अबिसीनियाशी संपर्क साधण्याचा होता. त्यात फारसे यश आले नाही. १७७९ मध्ये मामलुक सरदार उस्मान बे याच्या माणसांनी पैशांच्या लोभाने त्याला पकडले आणि तळपायांवर निर्दयपणे फटके मारले. अनेक आठवडे तो अंथरुणाला खिळला. याच दुखण्याच्या काळात त्याने दोन व्हायोलिन व चेलो यांसाठीच्या तीन त्रिवाद्य रचनांवर काम केले असे मानले जाते. सुमारे १७९० मध्ये लंडनच्या जॉन ब्लंड या प्रकाशकाने त्या प्रसिद्ध केल्या. मुखपृष्ठावर रचनास्थळ म्हणून कैरोचा निर्देश आहे आणि रचनाकाराचे पूर्ण नाव न देता ‘अमेरिकन हौशी’ अशा अर्थाचे इटालियन बिरुद छापले आहे. अमेरिकेत जन्मलेल्या व्यक्तीच्या आरंभीच्या वाद्यसंगीतात या रचनांची गणना होते. १७७९ च्या जुलैमध्ये त्याने बेंजामिन फ्रँकलिनला आपल्या चतुर्वाद्य रचनांची प्रत पाठविली होती. त्या रचना काळाच्या ओघात नष्ट झाल्या.

१७८५ पासून १८०८ पर्यंत तो इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या फुलनेक येथील मोरावियन वस्तीचा कारभारी होता. उपासनेसाठी त्याने लिहिलेली समूहगीते आणि स्तोत्रांच्या चाली याच परंपरेत रुजलेल्या आहेत. १८०० मध्ये इजिप्तमधील चालीरीतींवरचे त्याचे निरीक्षणात्मक पुस्तक लंडनला प्रसिद्ध झाले. वाद्ये सुधारण्याची खटपटही सुटली नव्हती; व्हायोलिनचे सूर जुळविण्याच्या नव्या यंत्रणेची माहिती त्याने १८०६ मध्ये एका जर्मन संगीतपत्रिकेतून दिली. आपल्या रचनांवर नाव झाकणारा हा गृहस्थ खुंट्यांच्या रचनेविषयी मात्र सविस्तर लिहितो, यात कारागिराचा स्वभाव दिसतो.

ॲना मार्गारेटा : विसरलेला दुवा

फुलनेक येथे जॉनच्या आधीच घराण्याची एक शाखा रुजली होती. हेन्रीची मुलगी ॲना मार्गारेटा (१७२८-१७९४) हिला १७४३ मध्ये, चौदाव्या वर्षी, त्सिन्त्सेनडॉर्फच्या परतीच्या जहाजातून शिक्षणासाठी युरोपला धाडण्यात आले. आईवडिलांच्या घरी तिचे पुन्हा वास्तव्य झाले नाही. १७५६ मध्ये तिचा विवाह डब्लिनमध्ये जन्मलेल्या, ह्युगनो वंशाच्या बेंजामिन ला ट्रोब या मोरावियन धर्मगुरूशी झाला. तो पुढे ब्रिटिश मोरावियनांचा प्रमुख नेता बनला. धर्मकार्यासाठी फिरणाऱ्या दांपत्यांची मुले निवासी शाळेत ठेवण्याची मोरावियन रीत तिच्याही मुलांच्या वाट्याला आली. धाकटा बेंजामिन हेन्री बाराव्या वर्षी जर्मनीतील नीस्की येथे रवाना झाला. तीन पिढ्यांतील मुलांचे असे दुरावणे घराण्याच्या गौरवगाथेत कोठेही नोंदविलेले नसते. पण जर्मन, इंग्रजी आणि अमेरिकन अशा तीन जगांत सहज वावरण्याची या कुटुंबाची क्षमता त्याच दुराव्यातून आली.

तिच्या मुलांत वडिलार्जित दोन विद्या जणू वाटल्या गेल्या. थोरला ख्रिश्चन इग्नेशियस (१७५८-१८३६) संगीताकडे वळला. हायडन लंडनला आला असता त्याच्याशी स्नेह जडला आणि ख्रिश्चनने त्यास तीन पियानो-सोनाटा अर्पण केले. १८०६ ते १८२६ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या धार्मिक संगीताच्या संकलनाने युरोप खंडातील रचना इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचविल्या. धाकटा बेंजामिन हेन्री बांधकामाकडे वळला. १७९६ मध्ये तो आईच्या जन्मभूमीत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरला. १७९८ मध्ये फिलाडेल्फियातील बँक ऑफ पेनसिल्व्हेनियाचे काम त्याने हाती घेतले, शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाफेवर चालणारी यंत्रणा उभारली आणि १८०३ मध्ये जेफर्सनने त्यास सार्वजनिक इमारतींचा सर्वेक्षक नेमले. संसदभवनाच्या बांधकामात मालकांकडून भाड्याने घेतलेले गुलाम मजूर राबत होते, ही नोंद येथे आवश्यक आहे.

बाल्टिमोरचे रोमन कॅथलिक कॅथीड्रल त्याची सर्वांत परिपक्व कृती मानली जाते. १८०६ मध्ये त्याची कोनशिला बसली आणि १८२१ मध्ये, शिल्पकाराच्या मृत्यूनंतर, ते उपासनेस खुले झाले. पांढऱ्या झग्यावरून मंडळी सोडणाऱ्या आजोबाच्या नातवाने कॅथलिक बिशपसाठी विशाल घुमट रचावा, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाला हसू आणणारा आहे. वॉशिंग्टनमधील सेंट जॉन्स चर्च (१८१६) हीदेखील त्याचीच रचना. तेथे आरंभी ऑर्गनही त्यानेच वाजविल्याचे त्या मंडळीच्या परंपरेत सांगितले जाते. म्हणजे बांधकाम आणि उपासनासंगीत या दोन धारा त्याच्यातही पूर्णपणे विलग झाल्या नव्हत्या. न्यू ऑर्लीन्सच्या पाणीयोजनेवर काम करताना त्याचा मुलगा हेन्री १८१७ मध्ये पीतज्वराने गेला. त्याच योजनेसाठी तेथे गेलेला बेंजामिनही १८२० मध्ये त्याच रोगाने मरण पावला.

पुढील पिढी

ख्रिश्चन इग्नेशियसचा मुलगा चार्ल्स जोसेफ १८३९ मध्ये पोर्ट फिलिपचा अधीक्षक म्हणून मेलबर्नला पोहोचला. आजोळच्या पणजोबाप्रमाणेच त्यालाही प्रथम निवारा उभारावा लागला. फरक एवढाच की त्याने इंग्लंडहून तयार भागांचे घर जहाजातून नेले. १८५१ मध्ये व्हिक्टोरिया स्वतंत्र वसाहत झाली, त्याच वर्षी सोन्याचा शोध लागला आणि त्याची कारकीर्द खाणकामगारांच्या परवाना-शुल्काच्या असंतोषात १८५४ मध्ये संपली. त्याच्या पाठिंब्याने लेक बोगा येथे मोरावियनांनी आदिवासींसाठी मिशन उघडले. ते १८५६ मध्ये बंद पडले. लेहाय नदीकाठचा भूमीचा प्रश्न येथे दुसऱ्या खंडात पुन्हा उभा राहिलेला दिसतो.

पेनसिल्व्हेनियात राहिलेल्या मुलांची वाट निराळी होती. कर्नल फ्रेडरिक अँटीस याच्या ताब्यातील वडिलोपार्जित घरी सप्टेंबर १७७७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने काही दिवस मुक्काम केला. दुसरा मुलगा जॉन हेन्री याने सस्क्वेहाना नदीकाठी गिरणी बांधली आणि तिच्या रक्षणासाठी लाकडी किल्ला उभारला. १७७८ च्या हल्ल्यांच्या वेळी तो परिसर सोडून वसाहतकऱ्यांना पळावे लागले. इंग्लंडमध्ये आडनाव लोपले, पण ख्रिश्चन इग्नेशियसच्या एका मुलाचे नाव जॉन अँटीस लॅट्रोब असे ठेवले होते. तो अँग्लिकन धर्मगुरू झाला आणि १८३१ मध्ये त्याने चर्चमधील संगीतावर ग्रंथ लिहिला.